हँडलवरची दस्ती

न्हाव्यानं मिशी एका बाजूनं जास्त उडवली तरी आरशात बघून 'बराबर' म्हणणारा मी माणूस. हॉटेलात पोहे मागितले आणि शिरा आला, तर शिरा खाल्ला. बसमध्ये मी रुमाल टाकलेल्या सीटवर दुसरा कुणी बसला, तर दांडीला धरून वसमतपर्यंत उभा राहिलो. लोक म्हणायचे, फार गरीब स्वभाव आहे. ते ऐकून मला बरं वाटायचं. गरीब स्वभावानं कुणाचं काय वाईट होणार, असं मला खरंच वाटत होतं.

स्वभाव घरचाच. आमचा तांडा माळावरचा. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबलेला. मोठ्या माणसापुढं 'व्हय जी' एवढंच बोलायचं असतं हे त्यानं मला कधी शिकवलं नाही, मी नुसतं बघत आलो. याडीनं, आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तिनं दुसरी एक सवय लावली. कापड लहान असो की मोठं, त्याची चौपदरी घडी घालायची आणि शेवटी एक कोपरा आत खोचायचा, म्हणजे पिशवीत घडी सुटत नाही. शाळेसाठी मी दर सोमवारी तांडा सोडायचो तेव्हा माझी पिशवी तीच भरायची. माझे हात आजही तशीच घडी घालतात. मला सांगावं लागत नाही, हात घालतात.

नव्वदीच्या सुरुवातीला मी वीजखात्यात ऑपरेटर म्हणून लागलो. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीवाले होतो. माझं सबस्टेशन कुठलं ते सांगणार नाही. माळावर एक खोली होती, मागं गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. खोलीत लोखंडी कपाटाएवढे चार पॅनल, एक टेबल, एक काळा फोन. प्रत्येक पॅनलवरून एक लाईन निघायची आणि पाच-सात गावांना वीज न्यायची. पॅनलवर एक हँडल. हँडल एकीकडं फिरवलं की लाईन बंद, दुसरीकडं फिरवलं की चालू. लाल दिवा लागला म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. मला आता शहरातले सिग्नल उलटे वाटतात.

लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो आधी आमच्याकडं यायचा. मी लाईन बंद करायचो, वहीत लिहायचो, तो सही करायचा. याला परमिट म्हणतात. काम उरकलं की त्यानं स्वतः येऊन परमिट परत करायचं, मगच मी लाईन चालू करायची. हा झाला कागदावरचा नियम. आमच्याकडं आणखी एक रीत होती, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. परमिट घेतलं की लाईनमन आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, त्या हँडलला बांधायचा. ज्याची दस्ती त्यानंच सोडायची. ड्यूटी बदलली, ऑपरेटर नवा आला, वही कुणी वाचली नाही, तरी दस्ती दिसली की माणूस वर आहे हे समजायचं. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण ती कुणी मोडली ते मला ठाऊक आहे.

आमच्या लाईनमनला आम्ही सगळे मामा म्हणायचो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, काटक, खांबावर चढताना तोंडात तंबाखू आणि बोलणं दोन्ही चालू. मला नावानं हाक कधीच नाही. "काय आपरेटर, झोपला का?" असं ओरडतच आत यायचे. त्यांची दस्ती निळ्या चौकड्यांची, जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारातली. हँडलला घट्ट गाठ मारायचे आणि म्हणायचे, "हिला हात लावू नको, माझी बायकू हाय ती." मी दर वेळी हसायचो.

त्या दिवशी चैत्राचं ऊन होतं. मामा सकाळी अकराला परमिट घेऊन सायकलवर गेले. खांबावर तार धरणारी चिनीमातीची चिमणी फुटली होती, ती बदलायची होती, दोन तासांचं काम. साडेबाराला फोन वाजला. साहेब होते, आमचे इंजिनियर. त्या लाईनवरच्या एका गावात कुणा पुढाऱ्याचा सत्कार चालला होता आणि माईक बंद पडला होता. साहेब तिथूनच बोलत होते.

"लाईन का बंद आहे?"

"साहेब, परमिट हाय. मामा खांबावर हायत."

"कुठं खांबावर? मी आत्ता तिकडून जीपनं आलो. बाभळीखाली बसून बिडी ओढतोय तो. काम झालंय त्याचं. चालू कर."

"साहेब, ते आले न्हाईत अजून. दस्ती हाय हँडलला."

मग साहेब हसले. त्यांनी तोंड बाजूला करून कुणाला तरी सांगितलं असावं, कारण आणखी दोघं-तिघं हसले. "दस्ती? अरे, तू ऑपरेटर आहेस का धोबी? चालू कर आणि फोन ठेवू नको. झाली की सांग."

मी म्हणालो, "व्हय साहेब."

पुढचं मी इतक्या वेळा बघितलं आहे की मला त्यातलं प्रत्येक बोट आठवतं. रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यातून सत्काराच्या ढोलाचा आवाज येत होता. गाठ घट्ट होती, नखानं सोडवावी लागली. दस्ती हातात आली आणि माझ्या हातांनी तिची चौपदरी घडी घातली, कोपरा आत खोचला. घाई नव्हती. ती टेबलाच्या खणात ठेवली. मग हँडल फिरवलं. लाल दिवा लागला, मीटरचा काटा वर चढला. मी फोनमध्ये म्हणालो, "झाली साहेब."

साहेब म्हणाले, "शाब्बास."

साहेब खोटं बोलले नव्हते. मामा खरंच बिडी ओढायला खाली उतरले होते. अर्धं काम व्हायचं होतं, म्हणून पुन्हा चढले. वर तारा जमिनीला जोडायची साखळी असती तर कदाचित वाचले असते, पण ती साखळी वर्षभरापासून नव्हतीच. सहा-सात मिनिटांनी खोलीत भोंगा वाजला, काटा धाडकन खाली आला, लाल जाऊन हिरवा लागला. लाईन आपोआप बंद पडली की थोडं थांबून पुन्हा चालू करून बघायची, असा आमचा रिवाज. मी हात पुढं केला नाही. त्या दिवशी न केलेली ती एकच गोष्ट.

सायकलवर एक शेतकरी सांगत आला. मामांना नांदेडला नेलं. जीव वाचला, उजवा हात कोपराच्या वरून गेला.

साहेब संध्याकाळच्या आत सबस्टेशनला आले. चेहरा पांढरा पडला होता, हे मला सांगायलाच हवं, ते काही राक्षस नव्हते. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात मला काय लिहायचं ते सांगितलं. लाईन इकडून बंदच होती. कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा लाईनवर आला. "तुझी नोकरी, माझी नोकरी, दोन्ही वाचतात. आणि त्याला भरपाई मिळायची ती मिळेलच." मी पुन्हा 'व्हय साहेब' म्हणालो आणि वहीत लिहिलं. चौकशी झाली. तो जनरेटर कुणाचा ते शेवटपर्यंत सापडलं नाही, सापडणार कुठून. साहेबांची वर्षभरात बदली झाली. मामांच्या चपला, जेवणाचा डबा आणि खणातली दस्ती दुसऱ्या एका लाईनमननं त्यांच्या बायकोकडं पोचवली. मी ते सामान त्याच्या हातात देताना एकदाही दस्तीकडं बघितलं नाही.

मला वाटलं, आता मामा पुन्हा डोळ्यांपुढं येणार नाहीत. घरी बसतील, त्यांच्या जागी मुलाला वगैरे घेतील. दीड वर्षानं खात्यानं त्यांना हलकं काम दिलं. मदतनीस ऑपरेटर. आमच्याच सबस्टेशनला, माझ्याच पाळीत. सकाळी सायकल टेकवली तर दारातून आवाज आला, "काय आपरेटर, झोपला का?"

त्यानंतर आठ वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसला.

भुताच्या गोष्टी मी लहानपणी तांड्यावर पुष्कळ ऐकल्या. त्यातली भुतं दिवसा येत नाहीत, चहा पीत नाहीत, तुमच्या लेकराची तब्येत विचारत नाहीत. मामा हे सगळं करायचे. शर्टाची उजवी बाही पिन लावून वर घेतलेली. एकट्या डाव्या हातानं तंबाखू मळता येत नाही, म्हणून ती मी मळून द्यायचो. कधी काम करता करता थांबायचे आणि नसलेल्या हाताकडं बघायचे. "आपरेटर, पंखा जरा कमी कर. बोटाला वारं लागून राहिलं." पहिल्यांदा मी घाबरून उठलो. ते हसले. म्हणाले, "हाय अजून. दिसत न्हाई, पण हाय. करंगळी तर लई खाजवते." मी पंखा कमी करायचो. उन्हाळ्यात आम्ही दोघं घामानं भिजून बसायचो, कारण त्या हाताला वारं सोसत नव्हतं.

फोन वाजला की मी लगेच उचलायचो नाही. दुसऱ्या रिंगला मामा माझ्याकडं बघायचे. मी रिसीव्हर उचलून 'व्हय साहेब, व्हय साहेब' करायचो आणि ठेवून द्यायचो. एकदा फोन ठेवला तर ते म्हणाले, "तुझा आवाज कुठं जातो रे? माझ्यासंगं बोलतो तवा तर असतो."

मी म्हणालो, "साहेब लोकांफुडं न्हाई निघत, मामा."

"शिकव म्हनशील तर शिकवतो."

त्यांनी खरंच शिकवलं. दुपारी काम नसलं की दार लावायचं, रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचा, मी फोनवर बोलल्याचं सोंग करायचं, मामा साहेब व्हायचे. त्यांच्या तोंडचे साहेब फार भारी असायचे, मराठी एकदम पुण्याची. पहिला धडा, उभं राहून बोलायचं. "बसल्या बसल्या माणूस व्हय म्हनून जातो. गळा दबतो. ऊठ आधी." दुसरा धडा, आधी 'न्हाई' म्हणायचं, मग कारण. "तू कारण आधी सांगतो. मग साहेब कारणाला धरतो. त्याचं हसू करतो, मोडून टाकतो. 'न्हाई' मोडता येत न्हाई, कारण त्याला धरायला काही नसतं." तिसरा, फोन चालू ठेवून काम करायचं नाही. ठेवून द्यायचा. "कानाला साहेब लावून हात चालवला, तर हात साहेबाचा व्हतो."

त्या दिवशी फोन टेबलावर उघडा होता हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मी त्यांच्या डोळ्यांत बघायचो. तिथं काही दिसायचं नाही. ते नुसते म्हणायचे, "परत एकदा म्हन. मोठ्यानं." मी उभा राहून रिकाम्या खोलीला 'नाही' म्हणायचो, पंधरा पंधरा वेळा. ज्याचा हात मी घालवला तो माणूस डाव्या हातानं टेबलावर ठेका देऊन मला तोंड उघडायला शिकवत होता. माझी लायकी नव्हती. तरी मी शिकत गेलो, कारण त्यांना 'नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दोन हजार सालानंतर लोडशेडिंगचे दिवस आले. आधीच वीज आठ-दहा तास, त्यात लाईन बिघडली की लोक लाईटीच्या ऑफिसवर चालून जायचे. तोवर आम्ही हिंगोलीवाले झालो होतो आणि साहेबही नवे होते, तरुण, मला 'तुम्ही' म्हणणारे. त्या दिवशी त्याच लाईनवर परमिट होतं. हँडलला पिवळी दस्ती होती, मामांच्या जागी आलेल्या लाईनमनची. दुपारी फोन वाजला. साहेबांच्या ऑफिससमोर पाच गावची माणसं बसली होती. त्यांचा आरडाओरडा मला फोनमधून ऐकू येत होता.

"अहो, तुमचा लाईनमन गावात चहा पितोय. लोक स्वतः बघून आलेत. लाईन चालू करा."

मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागं पडली.

"नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

"तो इथं येऊन दस्ती सोडेल, मग चालू होईल."

"मी तुम्हाला ऑर्डर देतोय."

"नाही साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. रिसीव्हर तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा कुठं जागेवर बसला. मामा समोर बसून होते.

साहेब जीपनं आले, मागं पंधरा-वीस लोक. मी पॅनलला पाठ लावून उभा राहिलो. कुणीतरी कॉलर धरली, कुणीतरी आईवरून शिवी दिली. साहेब म्हणाले, बाजूला व्हा. मी म्हणालो, नाही. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि लाईनमन आला, सायकलवर, शीळ घालत. काम त्याचं खरंच केव्हाच झालं होतं. खरंच चहा पीत होता. लोक मला हसले आणि साहेबांनी दात ओठ खाल्ले. मी कुणाचाच जीव वाचवला नव्हता. आठवड्यात मेमो आला आणि महिन्यात बदली, सेनगावकडं, साखऱ्याच्याही पलीकडं.

तरी त्या रात्री मला झोप लागली. बऱ्याच वर्षांनी कानात साहेबांचं ते 'शाब्बास' वाजलं नाही. वाटलं, फिटलं. किती स्वस्तात फिटलं असं मला वाटलं, ते आठवलं की आज माझाच राग येतो.

शेवटच्या दिवशी दुपारी चार्ज दिला. खणातलं माझं किडुकमिडुक पिशवीत भरत होतो. मामांनी आपल्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि एक निळ्या चौकड्यांची दस्ती काढून टेबलावर ठेवली. चौपदरी. एक कोपरा आत खोचलेला. घडीच्या कडांना रंग उडाला होता, इतकी वर्षं ती कुणी उलगडलीच नव्हती.

"दवाखान्यात बायकूनं दाखवली," ते म्हणाले. "मी कवा घडी घालत न्हाई. खिशात कोंबतो. आधी वाटलं, मी पडल्यावर कुणी हँडलची सोडून ठिवली असंल. पर माणूस जळाल्यावर बाकीच्यांचे हात थरथरतेत, आपरेटर. गडबडीत अशी घडी कोण घालतं? ही बिनघोर घातलेली हाय. आधी घातलेली हाय. मग इथं आलो, आन् पहिल्याच दिवशी तुला डब्याच्या फडक्याची घडी घालताना बघितलं."

बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मला खुर्चीवर बसल्यासारखं आठवतं, पण मी बसलो नसेन. मी विचारलं, "मामा, आठ वर्षं तुमी काहून बोलला न्हाईत?"

"मी कशाला बोलू? तू बोलशील म्हनून वाट बघून राहिलो व्हतो. तुला बोलता येत न्हाई म्हनलास, म्हनून शिकवलं."

तेव्हा मला कळलं की ते धडे साहेबांसाठी नव्हतेच. रोज दुपारी तो माणूस रिसीव्हर बाजूला काढून ठेवत होता, दार बंद करत होता, मला उभं करत होता आणि मोठ्यानं बोल म्हणत होता. मी मात्र रोज पाठ केलेलं म्हणून खाली बसत होतो.

मी त्यांच्यासमोर सरळ उभा राहिलो.

"लाईन मी चालू केली, मामा. दस्ती मी सोडली. मला ठाऊक व्हतं तुमी आला न्हाईत. साहेबाला न्हाई म्हनता आलं न्हाई, म्हनून केली. मग वहीत खोटं लिहिलं."

आवाज दबला नाही. खोलीभर स्पष्ट गेला. मामा ऐकत होते, मान किंचित कलती करून, माझी उजळणी घेताना ऐकायचे तसेच. रिकाम्या बाहीवरची पिन त्यांनी डाव्या हातानं नीट केली.

"हं," ते म्हणाले. "ह्यो आवाज तवा पाहिजे व्हता."

दस्ती त्यांनी उचलली नाही, मला घे म्हणालेही नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. मी सवयीनं हात पुढं केला, पण आता माझी ड्यूटी नव्हती. मामा उठून उभे राहिले आणि डाव्या हातानं त्यांनी तो उचलला.